शंका, शीड आणि तग

शिडाच्या नौकेतून एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेची व्याख्या आता बरीच काटेकोर झालेली आहे. जिथून निघाले तिथेच परत यावे लागते, सर्व रेखावृत्ते ओलांडावी लागतात, विषुववृत्त किमान दोनदा पार करावे लागते, एकूण अंतर किमान २१,६०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर भरावे लागते आणि सुएझ किंवा पनामा कालव्याची जवळची वाट चालत नाही. या अटी पुऱ्या करायच्या तर व्यवहारात एकच मार्ग उरतो, तो म्हणजे दक्षिण गोलार्धात चाळिसाव्या अक्षांशाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली उतरून आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचे केप ल्यूविन आणि दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न या तीन भूशिरांना वळसा घालणे. त्या पट्ट्यात वाऱ्याला अडवणारी जमीन जवळजवळ नसल्यामुळे लाटा हजारो मैल अखंड वाढत येतात. नौकेवर माणूस एकच असल्याने त्याला झोप तुकड्यातुकड्यांनी घ्यावी लागते, स्वयंपाक, दुरुस्ती, दिशा आणि हवामान यांचा हिशेब स्वतःच ठेवावा लागतो, आणि चुकले तर सांगायला जवळ कोणी नसते.

अशा सफरींची वर्णने वाचताना दर्यावर्दी म्हणजे भय आणि संशय यांच्या पलीकडे गेलेला कोणी असामान्य पुरुष किंवा स्त्री असावी, असा समज सहज होतो. त्यांच्या रोजनिश्या आणि आठवणी मात्र हा समज टिकू देत नाहीत, कारण त्यांत ‘आपण हे का करतो आहोत’, ‘आपल्याला हे जमण्यासारखे आहे का’ अशा प्रश्नांची रेलचेल असते. तेव्हा शंका कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हे शोधत बसण्यापेक्षा प्रत्येकाने त्या शंकेचे काय केले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

मानसशास्त्रात आघात सोसून पुन्हा कामाला लागण्याच्या क्षमतेला मानसिक चिवटपणा म्हणता येईल, आणि या क्षमतेविषयीचा जुना समज गेल्या अर्धशतकात बराच बदलला आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुले प्रौढ होईपर्यंत घेतला, तेव्हा दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार आणि मायाळू प्रौढ झाल्याचे आढळले. त्यांच्यात विलक्षण असे फारसे काही नव्हते. बहुतेकांना निदान एका विश्वासू मोठ्या माणसाचा आधार होता आणि हाताला काहीतरी जमते आहे अशी जाणीव होती. अमेरिकी संशोधक ॲन मॅस्टन यांनी २००१ मध्ये याच अर्थाचा निष्कर्ष मांडला, की चिवटपणा दुर्मीळ गुणांतून येत नाही, तो माणसाच्या नेहमीच्या क्षमता आणि नातेसंबंध शाबूत राहिल्याने येतो. आल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली ‘स्वक्षमतेवरील विश्वास’ ही संकल्पना याला पूरक आहे. एखादे विशिष्ट काम आपण पार पाडू शकू, या खात्रीला त्यांनी हे नाव दिले आणि तिचे चार उगम सांगितले: स्वतः ते काम करून पाहण्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्या कोणी ते केलेले पाहणे, विश्वासातल्या माणसाने दिलेला हुरूप आणि स्वतःच्या शरीराच्या व मनाच्या अवस्थेचा लावलेला अर्थ. या चारांत पहिला उगम सर्वांत बळकट मानला जातो. भाषणे ऐकून आत्मविश्वास येतो असे मानणाऱ्या सध्याच्या बाजाराला ही गोष्ट फारशी सोयीची नाही.

या संकल्पनांची परीक्षाच जणू १९६८ साली समुद्रावर झाली. लंडनच्या ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केव्हाही निघण्याची मुभा दिली. नऊ जण निघाले, पूर्ण करणारा एकच ठरला. तो म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि त्याची ३२ फुटी ‘सुहैली’ ही नौका मुंबईत सागवानी लाकडात बांधलेली होती. व्यापारी जहाजांवरील या तरुण अधिकाऱ्याने मुंबईच्या वास्तव्यात ती बांधून घेतली होती. शर्यतीतील इतर काही नौकांच्या तुलनेत ती जड आणि संथ होती, आणि जाणकारांनी तिच्यावर फारशी भिस्त ठेवलेली नव्हती.

निघाल्यानंतर काही आठवड्यांतच, अटलांटिक महासागरात, ‘सुहैली’च्या तळाशी कण्याजवळच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागले आणि ते वारंवार उपसावे लागू लागले. नॉक्स-जॉन्स्टनने वारा पडलेला दिवस पाहून पाण्यात उडी घेतली. पांढऱ्या कातडीकडे शार्क आकर्षित होऊ नयेत म्हणून त्याने अंगात गडद सदरा आणि जीनची विजार घातली होती. सांध्यांत सूत ठोकून भरण्याचा नेहमीचा उपाय त्याने प्रथम करून पाहिला, पण श्वास रोखून पाण्याखाली राहता येईल तेवढ्या वेळात सूत पक्के बसेना आणि पुढच्या बुडीपर्यंत ते सुटून बाहेर येई. मग वर येऊन त्याने कॅनव्हासची लांब पट्टी शिवली, तिला डांबर फासले, तिच्यात तांब्याचे खिळे आधीच टोचून ठेवले आणि पुन्हा खाली जाऊन ती पट्टी सांध्यावर ठोकली. लाटांच्या माऱ्याने ती फाटू नये म्हणून तिच्यावर तांब्याची पट्टीही चढवली. मध्ये कॉफीसाठी तो वर आला असताना नौकेभोवती शार्क घिरट्या घालताना दिसला. तो टप्प्यात येण्याची वाट पाहून त्याने त्याला बंदुकीने मारले, इतर शार्क येत नाहीत ना याची काही वेळ खात्री केली आणि काम पुढे चालू केले.

या प्रसंगात धैर्य आहेच, पण त्याहून लक्षणीय आहे तो कामाचा क्रम. एवढी गळती घेऊन केप हॉर्न गाठता येईल का, ही शंका रास्त होती. तिने त्याला पाण्याखाली नेले, पहिला उपाय फसल्यावर दुसरा शोधायला लावले आणि त्या उपायातला कच्चा दुवाही आधीच दाखवून दिला. पुढे स्वयंचलित सुकाणूची मोडतोड झाली, रेडिओ बंद पडला, साठ्यातले पिण्याचे पाणी नासले, तरी १४ जून १९६८ रोजी फॅल्मथहून निघालेला हा माणूस ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर अशी दोनदा त्याची मानसिक तपासणी झाली आणि दोन्ही वेळा तो अगदी सामान्य असल्याचा निर्वाळा डॉक्टरांनी दिला. मॅस्टन यांचा निष्कर्ष त्यानंतर तीन दशकांनी आला.

डोनाल्ड क्रोहर्स्टची कहाणी याच्या उलट टोकाची आहे आणि ती सविस्तर पाहण्याजोगी आहे, कारण तो मूर्ख किंवा भित्रा मुळीच नव्हता. इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवणारा हा बुद्धिमान उद्योजक सुट्टीच्या दिवशी नौका चालवणारा हौशी होता; धंदा डबघाईला आलेला असताना शर्यतीतल्या प्रसिद्धीने तो सावरेल, असा त्याचा होरा होता. भांडवल पुरवणाऱ्याशी झालेल्या करारामुळे मोहीम फसली तर धंदा आणि घर दोन्ही गमावण्याची वेळ आली असती. तीन सांगाडे शेजारीशेजारी जोडलेली, म्हणजे ट्रायमरन प्रकारची, त्याची ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’ ही नौका घाईत बांधली गेली. नौका उलटल्यास ती पुन्हा सरळ करण्यासाठी त्याने स्वतः योजलेली यंत्रणा अपुरीच राहिली आणि सुट्या भागांतले बरेचसे सामान धक्क्यावर विसरले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो निघाला. आदल्या रात्री त्याने पत्नीजवळ नौका धड नसल्याची आणि आपली तयारी झालेली नसल्याची कबुली दिली होती. ती त्याची सर्वांत खरी शंका होती. पण वृत्तपत्रे, कर्ज आणि गावकऱ्यांच्या अपेक्षा यांच्यापुढे तिला जागा उरलेली नव्हती.

नोव्हेंबरच्या मध्यावर त्याने रोजनिशीत नौकेच्या दोषांची लांबलचक यादी केली आणि दक्षिण महासागरात गेल्यास आपण जगण्याची शक्यता फार तर निम्मी आहे, असा अंदाज काढला. तर्क अचूक होता. त्यातून निघणारा निर्णयही उघड होता: जवळच्या बंदरात शिरायचे आणि माघार जाहीर करायची. क्रोहर्स्टने तो घेतला नाही. डिसेंबरपासून त्याने प्रत्यक्षात अटलांटिकमध्येच रेंगाळत खोट्या स्थानांची बातमी पाठवायला सुरुवात केली, मग रेडिओ मौन पाळले आणि मार्च १९६९ मध्ये नियम मोडून अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर गुपचूप दुरुस्तीही करून घेतली. इतर परत येतील तेव्हा त्यांच्या मागोमाग शेवटच्या क्रमांकाने बंदरात शिरावे, म्हणजे हरलेल्याच्या नोंदी कोणी तपासणार नाही, असा बेत होता. तोही फसला. नायजेल टेटली हा स्पर्धक प्रदक्षिणा जवळजवळ पुरी करून परतीच्या वाटेवर होता. क्रोहर्स्ट पाठीवर आहे या समजुतीने त्याने आपली खिळखिळी झालेली नौका ताणली आणि २१ मे रोजी ती बुडाली. टेटली वाचला, पण प्रत्येकाची निघण्याची तारीख वेगळी असल्यामुळे आता सर्वाधिक वेगवान ठरण्याचा मान, आणि त्याबरोबर नोंदींची कसून तपासणी, क्रोहर्स्टच्या वाट्याला येणार होती. त्याच्या रोजनिशीतील शेवटची नोंद १ जुलैची आहे, आणि तिच्या आधीची अनेक पाने मनाचा तोल गेल्याची साक्ष देतात. १० जुलै रोजी नौका रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

दोघांच्याही नौका गळत होत्या, आणि अडचणी ओळखण्याच्या बुद्धीत तर क्रोहर्स्ट कदाचित सरसच होता. फरक असा, की एकाची शंका फळीच्या सांध्यापर्यंत पोहोचली आणि दुसऱ्याची कागदावरच अडकली, कारण ती उघड करण्याची किंमत त्याने निघण्यापूर्वीच अवाच्या सवा करून ठेवली होती. माघारीचा मार्ग ज्याने स्वतःच बुजवला, त्याला शंकेचा काही उपयोग करून घेता येत नाही, ती फक्त छळत राहते. ‘परतीचे दोर कापून टाका’ हा सल्ला गडावर लढणाऱ्या सैन्यासाठी कदाचित ठीक असेल. दीर्घ पल्ल्याच्या एकाकी उद्योगात तो घातक ठरू शकतो.

त्याच शर्यतीतला तिसरा माणूस कृतार्थतेचा वेगळाच प्रश्न उभा करतो. इंडोचायनात वाढलेला फ्रेंच दर्यावर्दी बर्नार्ड मॉइटेसिए आपल्या ‘जोशुआ’ या पोलादी नौकेतून तिन्ही भूशिरे ओलांडून आला होता आणि सर्वांत जलद प्रदक्षिणेचे बक्षीस त्याला मिळण्याची चांगलीच शक्यता होती. मार्च १९६९ मध्ये केप टाउनजवळून जाताना त्याने एका जहाजावर बेचकीने निरोप भिरकावला, की तो शर्यत सोडून पुन्हा पूर्वेकडे निघाला आहे, कारण समुद्रावर तो सुखी आहे. जून महिन्यात तो ताहितीला पोहोचला. या निर्णयाचा गौरव करताना एक गोष्ट बहुधा राहून जाते: युरोपात त्याची पत्नी त्याची वाट पाहत होती, आणि एकाच्या कृतार्थतेची किंमत दुसऱ्याने मोजली. तरी बक्षीस आणि समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्याइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखवले असेल.

भारतातील या परंपरेची सुरुवात निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या आग्रहातून झाली. नौदलातून निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णीला स्थायिक झालेल्या आवटींनी भारतीयाने, भारतात बांधलेल्या नौकेतून, एकट्याने प्रदक्षिणा करावी हा ध्यास धरला आणि नौदलाला तो पटवला. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी या कामासाठी नाव दिले. ते नौदलातील पाणबुडे अधिकारी होते. अशा सफरीचा त्यांना स्वतःला अनुभव नव्हता आणि ज्याला विचारावे असा अनुभवी माणूस देशातही नव्हता. बँड्युरा यांनी सांगितलेल्या चार उगमांपैकी दुसरा, म्हणजे आपल्यासारख्या कोणी ते केलेले पाहणे, इथे उपलब्धच नव्हता. त्याची उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी दोंदे नॉक्स-जॉन्स्टनकडे गेले. तो त्या वर्षी वयाच्या सत्तरीकडे झुकलेला असताना आणखी एका एकल शर्यतीची तयारी करत होता आणि त्या तयारीत दोंदे यांनी हातभार लावला.

त्याहून मोठे शिक्षण गोव्यात दिवाडी बेटावर झाले. रत्नाकर दांडेकर यांच्या तिथल्या कारखान्यात तोवर या प्रकारची नौका बांधलेली नव्हती, म्हणजे बांधणारा नवा आणि चालवणाराही नवा. ५६ फुटी ‘म्हादेई’चा आराखडा हॉलंडच्या व्हॅन दे स्टाट या संस्थेचा होता, आणि लाकडाच्या पट्ट्या इपॉक्सी व काचतंतूंनी बांधून तिचा सांगाडा तयार झाला. बांधणीच्या काळात दोंदे कारखान्यातच असत. कोणती दोरी कोणत्या कप्पीतून जाते, कोणती वायर कोणत्या पडद्यामागे आहे, सुकाणूची जोडणी कशी उघडते, हे त्यांना आराखडा वाचून नव्हे, ते घडताना पाहून कळले. फेब्रुवारी २००९ मध्ये नौका नौदलाकडे आली, मॉरिशसपर्यंत चाचणीची सफर झाली आणि तिथून परतताना दोंदे एकटे आले. म्हणजे मोठ्या कामाआधी त्याच जातीचे छोटे काम पदरात पडले. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांत थांबत ते १९ मे २०१० रोजी परतले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. चार थांब्यांना काही शुद्धतावादी कमीपणा मानतात. वस्तुतः ज्या देशात या विद्येची सुरुवातच होत होती तिथे दुरुस्तीची आणि माघारीची सोय आधीच आखून ठेवणे हे शहाणपण होते.

एकल सफर हा शब्द इथे थोडा फसवा आहे. दोंदे यांच्या किनाऱ्यावरील मदतनीसांत असलेल्या अभिलाष टॉमी यांनी तीच ‘म्हादेई’ घेऊन १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई सोडली आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी प्रदक्षिणा पुरी केली. दोंदे यांनी पुढे नौदलातील स्त्री अधिकाऱ्यांना तयार केले; वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा जणींनी ‘तारिणी’ या गोव्यातच बांधलेल्या नौकेतून सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात प्रदक्षिणा केली, आणि सुकाणूत बिघाड झाल्यावर न ठरलेला थांबा घेऊन मॉरिशसला दुरुस्ती करून घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. त्याच ‘तारिणी’तून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ दरम्यान गोवा ते गोवा फेरी पुरी केली. त्यांना घडवण्यात टॉमींचा वाटा होता. कवाई बेटावरच्या मुलांच्या पाठीशी असलेला तो ‘एक विश्वासू मोठा माणूस’ इथे पिढीगणिक पुढे सरकलेला दिसतो.

टॉमींची दुसरी सफर मात्र चिवटपणाची वेगळी बाजू दाखवते. १९६८ च्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत, २०१८ साली, स्पर्धकांना त्या काळचीच साधने वापरायची होती: उपग्रहावरून दिशा दाखवणारे यंत्र मोहोरबंद, हाती सेक्स्टंट म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजण्याचे उपकरण, आणि कागदी नकाशे. टॉमींची ‘तुरीया’ ही ‘सुहैली’ची प्रतिकृती दांडेकरांच्याच कारखान्यात झालेली होती. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या मणक्यांना गंभीर इजा झाली. त्यांना जागचे हलताही येईना. भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांचा ठावठिकाणा पक्का केला, त्याच वादळात डोलकाठी गमावलेला आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन तात्पुरत्या शिडावर त्यांच्या दिशेने निघाला, आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलले. पुढे मणक्यांत टायटॅनियमच्या सळया बसवाव्या लागल्या आणि चालणे नव्याने शिकावे लागले. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने फ्रान्सच्या ले साब्ल द’ओलोन बंदरात पोहोचले. दोन दिवस आधी पहिली आलेली दक्षिण आफ्रिकेची किर्स्टन नॉयशेफर ही एकल पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी पहिली स्त्री.

अशा उदाहरणांवरून ‘संकटाने माणूस घडतो’ असा सरधोपट नियम काढण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. मार्क सीरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आयुष्यात थोडीबहुत संकटे सोसलेल्यांचे मानसिक स्वास्थ्य, अजिबात संकटे न पाहिलेल्यांपेक्षा आणि फार संकटे सोसलेल्यांपेक्षाही, बरे आढळले. मात्रा महत्त्वाची आहे, आणि ती कोणाच्या हातात आहे हेही. दर्यावर्दीने आपण होऊन पत्करलेल्या हालांची आणि पावसाने दगा दिलेल्या शेतकऱ्याच्या किंवा नोकरी गमावलेल्या कामगाराच्या हालांची बरोबरी करणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. पहिल्याजवळ तयारीला वेळ, नौका, पैसा आणि बचावाला विमान असते. साहसातून घेण्यासारखे जे आहे ते हालांच्या प्रमाणात नाही, शंका वेळेवर बोलून दाखवण्याच्या, तिचे कामात रूपांतर करण्याच्या आणि वेळ पडल्यास थांबण्याच्या सवयीत आहे.

थांबण्याविषयी १९६८ च्या शर्यतीतीलच आणखी एक नाव घेण्याजोगे आहे. चे ब्लाइथ हा माजी सैनिक नौकानयनाचा जवळजवळ काहीच अनुभव नसताना निघाला होता आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या पुढे, नौका त्या समुद्राच्या लायकीची नाही हे कळून चुकल्यावर, त्याने शर्यत सोडली. वृत्तपत्रांच्या दृष्टीने तो बाद झालेल्या आठांपैकी एक होता. ऑक्टोबर १९७० मध्ये तो ‘ब्रिटिश स्टील’ या खास बांधलेल्या पोलादी नौकेतून पुन्हा निघाला, या वेळी वाऱ्यांच्या आणि प्रवाहांच्या विरुद्ध, पश्चिमेच्या दिशेने, आणि त्या दिशेने एकट्याने, कुठेही न थांबता प्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून २९२ दिवसांनी परतला.